एकवीस नंबरची बाटली

फोन आला तेव्हा मी सहावीच्या वह्या तपासत होतो. शाळा सुटून गेली होती, शिपायाने व्हरांड्यातले पंखे बंद केले होते, आणि पलीकडून कविता, म्हणजे शैलाताईंची भाची, एवढंच म्हणाली, "सर, आत्या गेली." मी नेहमीचे प्रश्न विचारले. कधी, कसं, त्रास झाला का... तिने सावकाश उत्तरं दिली. सकाळी चहा मागितला, अर्धा प्यायल्या, आडव्या झाल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "तुमच्यासाठी एक वही बाजूला काढून ठेवली होती आत्याने. तेरावं झालं की देते." मी वह्यांचा गठ्ठा तसाच कपाटात ठेवला आणि लाल पेनाला टोपण लावायला विसरलो. दुसऱ्या दिवशी खिशावर डाग दिसला, तेव्हा लक्षात आलं.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. सुरुवातीला वाटलं होतं, त्यांच्यावर लिहायचं तर हळव्या सुरात लिहावं लागेल. पण तो सूर जमत नाही. शैलाताई आठवल्या की पहिल्यांदा त्यांची घाई आठवते. बोलणं अर्ध्यातून सुरू करत आत येण्याची सवय आठवते, आणि काही नवं सापडलं की खुर्चीवर न बसता खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बोलणं. नगरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं जीवरसायन शिकवलं. निवृत्तीनंतर बेलापूरला भावाच्या घरी राहायला आल्या. लोक म्हणाले, आता बाई देवधर्म करतील. त्या आल्यानंतर दोन महिन्यांनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि नमस्कार वगैरे काही न करता म्हणाल्या, "तुमची मुलं दिवसाला किती साखर खातात, सांगता येईल?"

मी मराठी शिकवतो आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं. मी म्हणालो, मुलांनाच विचारा. त्यांना बहुधा हेच उत्तर हवं होतं. "विचारते ना. पण ती खरं सांगतात की नाही, हे कुणाला विचारू?" असं म्हणून त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा लघवीबद्दल अर्धा तास ऐकावं लागलं. तेही डबा उघडा समोर असताना.

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. आपण साखर खातो ती आतड्यात फुटते आणि शरीर ती वापरून टाकते. पण त्यातला अगदी थोडा अंश न फुटता निसटतो, रक्तात जातो. शरीराला तशा साखरेचं काही करता येत नाही, म्हणून मूत्रपिंडं ती लघवीतून बाहेर टाकतात. जास्त खाल्लं तर जास्त निसटतं. माझ्या चेहऱ्यावरून मला कळलेलं नाही हे त्यांना कळलं असावं. त्यांनी खिडकीबाहेर हात केला. हंगाम चालू होता, रस्त्यावरून कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. "ट्रॉली गेली की दोनचार कांड्या रस्त्यावर पडतात की नाही? मी दिवसभर घरात झोपलेली असले, तरी संध्याकाळी रस्त्यावर किती ऊस पडलाय ते बघून सांगेन, आज किती ट्रॉल्या गेल्या. अगदी अचूक नाही. पण ट्रॉलीवाला म्हणाला, 'आज एकच खेप केली,' तर त्याला हसता येईल इतपत." त्या दिवसापासून मी तो रस्ता नीट पाहायला लागलो.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेशी त्यांचं बोलणं झालं होतं. बाटल्या आम्ही गोळा करायच्या, तपासणी तिकडे. सहावीचा वर्ग ठरला. पालकांच्या सह्या घेतल्या, प्रत्येक मुलाला एक नंबर दिला. नावांची आणि नंबरांची यादी माझ्या कपाटात कुलपात राहणार, त्यांनाही ती दिसणार नाही, असं त्यांनीच ठरवलं. मग वर्गात उभ्या राहून मुलांना शब्द दिला, की कुणी काय खाल्लं आणि बाटलीने काय सांगितलं, हे कधीच कुणाला नावानिशी कळणार नाही. मुलांनी एका रविवारी सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून सोमवारी सकाळपर्यंतची सगळी दोन लिटरच्या पांढऱ्या बाटलीत साठवायची, आणि त्याच दिवशी काय काय खाल्लं-प्यायलं ते लिहायचं. लिहून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ते फार आवडलं. मुलं लिहिती व्हावीत म्हणून मी वर्षानुवर्षं धडपडत होतो, आणि इथे विज्ञानच माझ्या दारी आलं होतं. उत्साहाच्या भरात मी सुचवलं, की सर्वांत नीटनेटक्या आहारवहीला सव्वीस जानेवारीला बक्षीस देऊ. शैलाताई "हो हो, द्या" म्हणाल्या. त्यांचं लक्ष बाटल्यांच्या झाकणांकडे होतं.

तो सोमवार शाळेच्या इतिहासात नोंदवण्यासारखा होता. पाठीवर दप्तर, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात, बाजाराच्या पिशवीत गुंडाळलेली, ती बाटली. काही मुलं लाजत आली, काही मिरवत. एका मुलाची आई त्याला सोडायला आली होती. ती फाटकातच शैलाताईंना म्हणाली, "बाई, आमच्या पोराची सू पुण्याला निघाली. आमी अजून न्हाई गेलो." शैलाताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मुलांनी त्यांचं नाव 'बाटलीवाल्या बाई' ठेवलं, ते शेवटपर्यंत टिकलं. एका पठ्ठ्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. बाटलीवर रेघा आणि आकडे छापलेले, त्यामुळे त्याला वाटलं, जितकी वर तितके मार्क जास्त. धाकट्या भावाची मदत घेतली होती त्याने. ती बाटली बाद झाली, पण शैलाताई त्या पोराला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "याच्यासारखा सहकारी मला कॉलेजात मिळाला नाही."

थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ भरून त्या स्वतः एसटीने नमुने घेऊन गेल्या. कंडक्टरने विचारलं, खोक्यात काय आहे. "पोरांचं खरंखोटं," असं उत्तर देऊन त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि पुण्यापर्यंत खाली ठेवलं नाही. आठवडाभराने दुसरा रविवार, दुसऱ्या बाटल्या, पुन्हा एसटी.

निकाल आला तो जानेवारीत. मधल्या सुट्टीत त्या झेरॉक्सच्या दुकानातून छापलेले कागद घेऊन आल्या आणि या वेळी मात्र खुर्चीवर बसल्या. मुलांच्या वह्यांप्रमाणे अख्खा वर्ग साधुसंतांचा होता. दूध-चपाती, वरण-भात, भाजी, एखादं केळ. बाटल्या मात्र भलतंच सांगत होत्या. जवळजवळ प्रत्येक नंबरापुढे लिहिलेलं कमी आणि निसटलेलं जास्त. सगळ्यात मोठी तफावत होती एकवीस नंबरची, दोन्ही रविवारी. वहीत साखरेचा कण नाही आणि बाटलीत वर्गात सर्वांत जास्त.

एकवीस नंबर कोण, हे तेव्हा फक्त मला माहीत होतं. तिचं नाव मी इथेही लिहिणार नाही, दिलेला शब्द अजून मोडलेला नाही. ती शांत मुलगी होती, तिसऱ्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं. आणि बक्षिसासाठी मी जी वही निवडली होती, ती तिचीच होती. हेडसरांना तो नंबर मी आधीच कळवून बसलो होतो. निकालाचा कागद हेडसरांच्या टेबलावर गेला तेव्हा त्यांनी तो नंबर लगेच ओळखला. माणूस वाईट नव्हता, पण शाळेच्या नावाला जपणारा. ते म्हणाले की खोटं लिहिणाऱ्याला झेंड्याखाली बक्षीस देता येणार नाही, उलट कोण कोण खोटं लिहितंय याची नावानिशी यादी करून पालकसभेत वाचून दाखवू, म्हणजे मुलांना वळण लागेल. शैलाताईंनी माझ्या कपाटातली यादी बाहेर काढू द्यायला नकार दिला. तेव्हा ते म्हणाले, मग पुढच्या बाटल्या शाळेत येणार नाहीत. सव्वीस जानेवारीला आठ दिवस होते.

आम्ही बाहेर आलो. मला मनातून लागलं होतं, खरं सांगायचं तर त्या मुलीचा राग आला होता. इतक्या वर्षांत मुलांच्या अक्षरावरून मी माणूस ओळखतो अशी माझी समजूत होती. मी शैलाताईंना सुचवलं, की बक्षीस गुपचूप दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकू, यादीचा विषय आपोआप मिटेल. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या पोराला कळेल की आपण त्याला खोटं ठरवलं. आणि का ठरवलं, हे त्याला कुणीच सांगणार नाही." मग म्हणाल्या, "एका बाटलीवरून एका पोराला चोर ठरवायचं नसतं, मास्तर. एखाद्याचं आतडं जास्त सोडतं, एखाद्याचं कमी. बाटली वर्गाबद्दल बोलते. आणि अख्खा वर्ग एकाच दिशेने चुकला असेल, तर तो पोरांचा गुन्हा नाही. कुठेतरी काहीतरी आहे..." हे म्हणताना त्यांचा आवाज चढत गेला. एखाद्याला वाटलं असतं, बाई चिडल्या. मला तोवर कळायला लागलं होतं, की त्या आनंदल्या होत्या.

त्या दुपारी आम्ही ग्रंथालयाच्या टेबलावर सगळ्या वह्या पसरल्या. मी अभिमानाने एकेक उघडत होतो. समास, तारीख, नीट ओळी. त्यांनी पाचसहा वाचल्या आणि विचारलं, "या गावात पोरांना इतकं दूध कुठून येतं? मग डेअरीला जातं ते कुणाचं?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. आणखी वाचलं. सगळ्या वह्यांची सुरुवात एकसारखी होती. सकाळी उठून दात घासले, स्नान केले, दूध-चपाती खाल्ली. त्यांनी ते वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं, एका वहीतून, दुसऱ्या वहीतून, तिसऱ्या वहीतून. "हे त्यांना कुणी शिकवलं?" मला उत्तर येत होतं. 'माझी दिनचर्या' हा निबंध मी दरवर्षी शिकवतो. फळ्यावर नमुना लिहून देतो. नमुन्यातला मुलगा दूध पितो.

"पहिल्यांदा यातच लिहिलं का त्यांनी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, छे, आधी कच्च्या वहीत. आमच्या शाळेची ही पद्धतच आहे. मुलं कच्च्या वहीत लिहितात, मी तपासतो, दुरुस्त करतो, मग ते पक्क्या वहीत सुवाच्य उतरवून काढतात. बोलता बोलता माझाच वेग कमी होत गेला. त्या उठल्या आणि खुर्चीची पाठ धरली. "त्या कच्च्या वह्या कुठायत?"

त्या मुलांच्या दप्तरांत होत्या. शेवटचा तास माझाच होता. मी सगळ्यांच्या कच्च्या वह्या मागवल्या. काहींची पानं फाटलेली, काहींवर भाजीचे डाग. शैलाताई वर्गातच जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि वाचायला लागल्या. मी मागे उभा होतो. एकवीस नंबरच्या वहीतलं पहिलं पान मला अजून पाठ आहे. चहा-चपाती, चहात साखर तीन चमचे, आजीला दोन चालत नाहीत म्हणून सगळ्यांच्या चहात तीन. शेळीला पाला आणायला गेले तेव्हा ऊस, दीड कांडं. चुलत्याच्या गुऱ्हाळावर गरम गूळ, पळसाच्या पानावर. मारुतीच्या देवळात साखर-फुटाणे. पाहुणे आले म्हणून परत चहा. संध्याकाळी रडत होते म्हणून आईने साखर-चपाती दिली. आणि या सगळ्यावर लाल रेघा होत्या. उसावर एक, गुळावर एक, देवळावर एक. 'चहा-चपाती' खोडून वर 'दूध-चपाती' लिहिलेलं. समासात माझ्या अक्षरात शेरा: अनावश्यक तपशील टाळा.

मी ते केव्हा केलं, हे मला आठवत नव्हतं. रोज पन्नास वह्या तपासणाऱ्या माणसाचा हात आपलं आपण चालतो. मी तिला जवळ बोलावलं आणि, आवाज शक्य तितका साधा ठेवून, विचारलं की हे पक्क्या वहीत का उतरवलं नाहीस. ती माझ्याकडे न बघता पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "लिवलं हुतं, सर. तुमीच खोडलं."

मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. आणि शैलाताई जमिनीवर बसल्या बसल्या टाळी वाजवून हसल्या. दुसऱ्या कुणाचं असतं, तर ते हसणं मी विसरलो नसतो. त्यांचं होतं म्हणून त्यात टोचण नव्हती, फक्त आनंद होता, एखादीला हरवलेली किल्ली स्वतःच्याच पदराच्या गाठीत सापडावी तसा. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमची पोरं खोटं बोलत नाहीत हो. निबंध लिहितात!"

पुढचे चार दिवस आम्ही शैलाताईंच्या घरी बसून वेड्यासारखं काम केलं. प्रत्येक कच्ची वही उघडून, माझ्या रेघांखालचं वाचून, साखर नव्याने मोजली. मी वाचायचो, त्या लिहायच्या. त्यांना एकेक ओळ सापडली की त्या ओरडायच्या, "ऊस! हा बघा आणखी एक ऊस!" कविता चहा आणायची आणि आम्ही दोघंही त्यात किती साखर आहे ते तिला विचारायचो, शेवटी ती वैतागून म्हणाली, "आता मी बाटलीच आणून देते." नवा हिशेब पुण्याच्या कागदाशेजारी ठेवला तेव्हा बाटल्या आणि शब्द अजून जुळत नव्हते, पण आता ते एकमेकांचे शत्रू वाटत नव्हते. कुणी चमचा लहान लिहिला होता, कुणी विसरलं होतं, कुणी खरोखर लपवलंही असेल. "तेवढं चालतं," त्या म्हणाल्या, "तेवढं मीही लपवते."

हेडसरांकडे मी एकटा गेलो. शैलाताई येणार होत्या, मी नको म्हणालो. कच्ची वही, नाव झाकून, त्यांच्यासमोर ठेवली आणि लाल शाई माझी आहे असं सांगितलं. यादीच करायची तर पहिलं नाव माझं घाला, बाकीची गरज पडणार नाही, असंही म्हणालो. इतकं मोठं वाक्य मी त्या खोलीत कधी बोललो नव्हतो. त्यांनी वही उलटसुलट पाहिली. मग विचारलं, आजीच्या चहात खरंच तीन चमचे का. मी म्हणालो, बहुधा. ते म्हणाले, आमच्याकडे पण. यादीचा विषय पुन्हा निघाला नाही.

सव्वीस जानेवारीला बक्षीस एकवीस नंबरलाच मिळालं, पण कच्च्या वहीला. शैलाताईंनी तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं. माझ्या रेघांसकट. फेब्रुवारीत बाटल्यांची पुढची फेरी झाली. त्या वेळी पक्क्या वह्या नव्हत्याच. मुलं जसं बोलतात तसं त्यांनी लिहिलं, आणि माझं पेन त्या दोन दिवसांपुरतं शैलाताईंनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवून घेतलं. एकवीस नंबरच्या वहीवरून त्यांनी नव्या छापील पानांत एक रकाना वाढवला होता. वेळ, काय, किती, आणि चौथा: कुणी दिलं. त्यांचं म्हणणं, साखर कुणी एकटं खात नाही, कुणीतरी हातावर ठेवलेली असते, आणि देणारा आठवला की खाल्लेलं आठवतं. त्या फेरीचे आकडे आले तेव्हा त्यांनी मला भर बाजारात, भाजीवाल्यासमोर, हाक मारून सांगितलं, "जवळ आले हो, मास्तर! जवळ आले!" भाजीवाल्याला वाटलं, पाहुणे.

नंतरची वर्षं तशी शांत गेली. मधुमेह निघाला त्यांना. त्यांच्या वयाचे दुखणेकरी जसे गंभीर होतात तशा त्या झाल्या नाहीत, उलट डॉक्टरांना म्हणायच्या, "माझ्या बोलण्यावर जाऊ नका, बाटली तपासा." शेवटचा भेटलो तो जूनच्या सुरुवातीला. पलंगावर उशीला टेकून काहीतरी लिहीत होत्या. मला पाहून वही उशीखाली सरकवली, शाळकरी मुलीसारखी. काय लिहिता म्हणालो, तर म्हणाल्या, "कच्चं आहे. तपासायला अजून द्यायचं नाही."

कविताने दिली ती हीच वही. दोनशे पानी, साधी. आत प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने. वर्षभराचं खाणं. जेवणं, औषधं आणि मधूनमधून एखादी ओळ जी डॉक्टरांना सांगितलेल्यापेक्षा वेगळी आहे. सकाळी आठ, चहा, साखर दीड चमचा, कुणी दिलं: स्वतः, कविता आंघोळीला गेल्यावर. हुरड्याबरोबर गूळ, एक खडा, वहिनीने. संक्रांतीचे तिळगूळ तीन, त्यातला एक पडलेला उचलून. मी ती वही रोज थोडी वाचतो. त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, काही ठिकाणी शाई फुटली आहे. माझ्या टेबलावर ती सहावीच्या वह्यांशेजारीच असते. वह्या मी आता पेन्सिलने तपासतो, आणि समासात फक्त प्रश्न लिहितो. मग काय झालं? कुणी दिलं?

शेवटून दुसऱ्या पानावर मी अडकून राहिलो. तारीख आमच्या त्या भेटीनंतर चारपाच दिवसांनी, दहावीचा निकाल लागल्यावरची आहे. वेळ: दुपारचे साडेचार. काय: पेढा. कुणी दिलं: एकवीस नंबर, पास झाली म्हणून स्वतः घेऊन आली. आणि 'किती' या रकान्यात आधी 'एक' लिहिलं आहे. मग ते त्यांनी स्वतःच्याच हाताने, एका रेघेत, खोडलं आहे, आणि शेजारी लिहिलं आहे, 'दोन'.